पायी जाणाऱ्याची वाट

औंढा नागनाथास आगगाडी येत नाही. पूर्णा–अकोला मार्गावरील हिंगोली हे स्थानक गावापासून सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. तेथे उतरलेल्या यात्रेकरूस पुढे मोटारीने आणि अखेर पायीच यावे लागते. हा लोहमार्ग २००८ साली मोठ्या मापाचा झाला. परंतु प्रवास आगगाडीच्या डब्यात संपत नाही. फलाटावरून मोटारीपर्यंत आणि मोटारीतून उतरून देवळापर्यंत, बाजारापर्यंत, कचेरीपर्यंत जे अंतर उरते, त्याचा हिशेब कोणत्याच वेळापत्रकात सापडत नाही.

हे क्षेत्र मुळात पायी येणाऱ्यांचेच. येथून जवळच नरसी आहे; नामदेवांचे ते जन्मस्थान मानले जाते. विसोबा खेचरांची व त्यांची भेट याच देवळात झाली, अशी परंपरा सांगते. मागील बाजूस उभे राहून कीर्तन करणाऱ्या नामदेवांकरिता देऊळच फिरले, ही आख्यायिका तर घरोघर ठाऊक आहे. दाराबाहेर राहिलेल्या भक्तासाठी देवाने जागा बदलली. आज रस्त्याने पायी जाणाऱ्यासाठी दोन हात सरकावे, एवढीच अपेक्षा आहे.

औंढे हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ साली, निजामाच्या रेल्वेनेच मोटारवाहतूक सुरू केली. आरंभी गाड्या अवघ्या २७ होत्या. त्या राजवटीविषयी कोणाचे मत काहीही असो, रूळ आणि मोटार एका हाती असण्यात शहाणपण होते, हे मान्य करावे लागेल. आता आगगाडी केंद्राची, एस. टी. राज्याच्या महामंडळाची, मोठा रस्ता आणखी एका खात्याचा आणि गावातील गल्ली नगरपंचायतीची. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. येथे तर घरे चार आहेत. गाडी येण्याच्या वेळेस बस सुटावी, एवढी साधी गोष्टही मग कोणाच्याच कामात मोडत नाही.

उतारूंचे स्वरूपही पालटले आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. ज्या वृद्धा पूर्वी घरीच राहत, त्यांनाही आता बसमध्ये बसणे परवडते. भाड्याचा अडथळा दूर झाला, पण पायरीचा व्हायचा आहे. उतरल्यावर गटाराची फुटलेली फरशी, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि डोक्यावर ऊन असेल, तर त्या सवलतीचा निम्मा लाभ तेथेच गळून पडतो.

उपाय अज्ञात नाहीत. भारतीय रस्ते परिषदेने २०१२ साली सुधारलेल्या नियमांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरांहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली; त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वेगळी पायवाट धरलेली आहे. म्हणजे वाहनांच्या महामार्गावरही चालणाऱ्याचा हक्क मान्य होऊ शकतो. मग औंढ्याला, जेथे हिंगोली, जिंतूर आणि वसमतचे रस्ते एकत्र येतात आणि महाशिवरात्रीस माणसांचा पूर लोटतो, तो का मान्य होऊ नये?

बेल-फुले विकणाऱ्यांना मात्र हुसकावून लावू नये. त्यांना रेषा आखून जागा द्यावी. त्यांच्यामुळे वाटेस जाग असते. झाडे मात्र आधी लावावीत, कारण फरशी महिन्यात बसते, सावलीला वर्षे लागतात.

आणि नकाशा काढण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांनी श्रावणातल्या एखाद्या सोमवारी, भर दुपारी, हाती मोजपट्टी घेऊन, एखाद्या काठी टेकीत चालणाऱ्या आजीबाईंच्या पावलाने बसस्थानकापासून महाद्वारापर्यंत एकदा जावे. ती जेथे जेथे थांबेल, तेथे तेथे खडूने खूण करावी.