दार नसलेला वाडा

(काष्टी, ता. श्रीगोंदा इथं युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. दिवसा कंटेनर, रात्री कविता. 'तंत्रज्ञान आणि भांडवलशाही' असा जड विषय फळ्यावर लिहून मला इथं उभं केलंय. त्यात चूक असलीच तर शिबिर भरवणाऱ्यांची. माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि जे वाचून पक्कं केलं तेवढंच मी बोलणार.

काष्टी माझं आजोळ. लहानपणी आई दौंडवरून इथं आणायची. बाजाराच्या दिवशी आजा मला जनावरांच्या बाजारात न्यायचा. दलाल उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मी आज्याला म्हणालो, ही तर लबाडी आहे. आजा म्हणाला, "लबाडी हायेच. पर उपरण्याखाली दोन हात हायेत. एक इकणाऱ्याचा हाये."

हाच आजा तरुणपणी एका गावात सालगडी होता. गावाचं नाव घेत नाही. तिथं वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं. आजा ते सांगताना रडायचा नाही, हसायचा. पण वाडा कुठं आहे, त्याचं दार कुठल्या दिशेला आहे, आत कोण बसतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून पुढं एक दिवस वस्तीतली पोरं निळा झेंडा घेऊन त्याच दारासमोरून पायात चपला घालून वाजत गाजत गेली. दार माहीत असलं की मोर्चा नेता येतो.

आता माझी गोष्ट ऐका.

मागल्या वर्षी मी एक कविता लिहिली. आज्याला जी हाक मारत, ती हाक कवितेत होती. जातीचं नाव मोडून केलेली. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ती. कविता मी एका कंपनीवरच्या माझ्या खात्यावर टाकली. दोन दिवसांत कविता गायब. निरोप आला : तुमचा मजकूर द्वेष पसरवणारा आहे. बरं. त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या दुसऱ्या कवितेखाली येऊन एका पोरानं मला तीच शिवी घातली होती, आईचा उद्धार करून. मी तक्रार केली होती. तेव्हा उत्तर आलं होतं : यात आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

म्हणजे शिवी घालणारा मोकळा आणि शिवी खाल्ली असं सांगणारा गुन्हेगार. हा न्याय आपण ओळखतो. गावच्या पंचांकडं तो पिढ्यान्‌पिढ्या होता. फरक एवढाच की पंचांची नावं आपल्याला पाठ होती.

मी उत्तर लिहिलं. तीनदा लिहिलं. तीनदा एकच छापील उत्तर, काना-मात्रेचा फरक नाही. चौथ्यांदा लिहायला गेलो तर खातंच बंद. चार वर्षांच्या कविता त्यात. काहींची दुसरी प्रतही माझ्याकडं नाही, हा माझा मूर्खपणा. आता जाऊ कुठं? कचेरी कुठं? साहेब कोण? कुणाच्या टेबलावर मूठ आपटू? हा वाडा असा बांधलाय की त्याला दारच ठेवलेलं नाही. चुकून राहिलं असंही नाही. मुद्दाम ठेवलेलं नाही.

कुणी म्हणेल, अरे मशीननं केलं, मशीनला कसली जात? मशीनला जात नसेल. पण ते ज्यांनी शिकवलं त्यांना आहे, आणि ज्यांच्यासाठी शिकवलं नाही त्यांनाही आहे. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या बाईनं फेसबुकमधली आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीचीच माणसं लिहून ठेवतात की मुसलमानांविरुद्धचा पुष्कळ मजकूर पकडलाच जात नाही, कारण हिंदी आणि बंगाली ओळखणारी पुरेशी यंत्रणा आपल्याकडं नाही. कोट्यवधींच्या भाषांची ही गत. मग श्रीगोंद्याच्या मराठीत आज्याचं दुःख कोणतं आणि टवाळाची शिवी कोणती, हे तिथं कोण निवडत बसणार?

आणि त्या कंपन्यांच्या आत काय आहे? जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर दावा लावला : एका दलित इंजिनियरला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं म्हणून. कंपनीनं आरोप नाकारला. २०२३ साली राज्यानं त्या दोन वरिष्ठांवरचा दावा मागं घेतला, कंपनीवरचा ठेवला. एप्रिल २०२२ मध्ये थेनमोळी सौंदरराजन या दलित कार्यकर्तीचं गुगलमध्ये जातीवर भाषण ठरलं होतं. आतल्याच काही कर्मचाऱ्यांनी कागाळ्या केल्या, ही बाई आमच्याविरुद्ध आहे म्हणून. भाषण रद्द. ते भाषण ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता पुढं नोकरी सोडून बाहेर पडल्या. आपली पोरं सातासमुद्रापलीकडं कॉम्प्युटर शिकून गेली, आणि वाडा त्यांच्या आधी विमानानं जाऊन पोचला होता.

ट्विटरचं बघा. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याचा प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आला. त्याच्या हातात कुणी पोस्टर दिलं : ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा. फोटो निघाला आणि काय तो गहजब! कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी माफी मागितली. माफी कुणाची? ज्यांना ती व्यवस्था लागू होते त्या बायांची नाही. ज्यांना राग आला त्यांची. पुढल्या वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंदी आली तेव्हा देशभरच्या दलित-बहुजन पोरांनी आरडाओरडा केला की निळी खूण जात बघून वाटता काय? कंपनी म्हणाली, आम्ही पक्षपात करत नाही. आता ती निळी खूण महिन्याचे पैसे भरले की मिळते. म्हणजे वादच मिटला! ज्याच्या खिशात आहे तो मोठा माणूस.

हे झालं लिहिणाऱ्यांचं. पण आपल्यात लिहिणारे किती? राबणाऱ्यांचं बोलू.

माझा मामेभाऊ याच गावचा. पुण्यात गाडीवर लोकांची जेवणं पोचवतो. पोचवायचा. एका गिऱ्हाइकानं काहीतरी तक्रार केली. काय केली ते त्याला आजवर कळलेलं नाही. सकाळी उठून फोन उघडला तर आयडी बंद. गाडीचा हप्ता चालू, आयडी बंद. त्या कंपनीच्या नंबरावर फोन केला तर बाईचा आवाज, एक दाबा, दोन दाबा. तो दाबत बसला. आठ दिवस दाबत बसला. मामी मला विचारते, "आरं, पण तेला काढलं कुणी?" मामीचा प्रश्न साधा आहे. त्याला उत्तर नाही.

आणि ज्यांची आयडी चालू आहे त्यांचं काय? मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनं जाहीर केलं की शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळे पोचवणारे, वेगळे डबे, हिरवे कपडे. बोंब झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागं घेतले. सगळ्यांना पुन्हा लाल. पण कल्पना सुचली कशी? विटाळ झाला तो डबा वेगळा, माणूस वेगळा, रस्ता वेगळा, हे त्यांना कुठल्या परदेशी कॉलेजात शिकवलं नव्हतं. हे इथलंच शिक्षण. विहीर गेली, ॲप आलं, शिवाशिव तीच.

गोदीतली जुनी माणसं सांगतात : पूर्वी भल्या पहाटे गेटवर उभं राहायचं. टोळीवाला मुकादम बोट दाखवील त्याला काम, बाकीच्यांनी उपाशी घरी जायचं. मुकादमाला दस्तुरी द्यायची, त्याच्या घरची कामं करायची. त्याच्याविरुद्ध माणसं लढली. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी झाली, पाळीनं काम आलं, काम नसलेल्या दिवशी हजेरीचे पैसे आले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता मंडळामार्फत आली. आणि त्याही आधी, १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला.

असं करत करत मुकादमाला आपण कायद्यात बांधला. तोवर तो फोनमध्ये जाऊन बसला. आता तो बोट दाखवत नाही, तारे दाखवतो. पाच तारे असले तर काम, तीन असले तर घरी. दस्तुरी हातात घेत नाही, आधीच कापून घेतो. भाव पावसात एक, उन्हात एक, कसा ठरतो विचारलं तर म्हणतात ते गुपित आहे. आज्याच्या बाजारातही भाव गुपित होता. पण उपरण्याखाली दोन हात होते. इथं एकच हात आहे. आपला हात कधीच बाहेर काढला.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. असल्या ॲपवर राबणाऱ्या माणसाचं नाव कायद्यात आलं. कंपनीनं उलाढालीतला एक ते दोन टक्के निधीत टाकायचा आहे. ठीक आहे. पण मामीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही : काढलं कुणी आणि का? त्याच २०२५ मध्ये कर्नाटकानं कायदा केला, त्यात मात्र आहे. कामावरून काढायचं तर लेखी कारण द्या, चौदा दिवस आधी द्या. हे कलम आपल्याला महाराष्ट्रात हवं. माथाडी कायदा करणाऱ्या राज्यात ते मागायला लाजायचं कारण नाही.

आता कुणी पोरगा उठून म्हणेल, मग फोन फेकून देऊ? नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाला मारलं. याच नगर जिल्ह्यात. का? फोन वाजला आणि त्यात बाबासाहेबांचं गाणं होतं. फोनमधून आपला बाप बोलतो हे ज्यांना सोसवत नाही त्यांच्यासाठी आपण फोन खाली ठेवायचा? कदापि नाही. फोन आपण घामाच्या पैशानं घेतलाय. गाणं वाजलंच पाहिजे.

पण दुसऱ्याच्या ओसरीवर वाजवलेलं गाणं तो केव्हाही बंद पाडू शकतो, हे विसरायचं नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. 'केसरी'नं त्याची जाहिरात छापायला नकार दिला. पैसे देतो म्हणूनही नकार. बाबासाहेब 'केसरी'च्या पायरीवर बसून राहिले नाहीत. 'मूकनायक' बंद पडलं तेव्हा १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढलं, मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. स्वतःचा छापखाना उभा केला. लांब कशाला, इथून तिकडं नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं खेडं आहे. तिथून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' चालवलं. १९१० पासून पन्नासहून जास्त वर्षं, सत्यशोधकांचं पत्र, एका खेड्यातून. आपण कोट्यवधी फोन खिशात घेऊन फिरतो आणि आपली एक कविता टिकवता येत नाही. याची लाज आधी मला वाटली पाहिजे. वाटते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो आणि बसतो.

एक. जे लिहाल ते कागदावर ठेवा. वही, अनियतकालिक, काहीही. लोकांचे नंबरही वहीत. कंपनीनं खातं मारलं तरी चळवळ मरता कामा नये.

दोन. मजकूर उडवला, खातं बंद केलं, तर गप्प बसू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव जाहीर करावं लागतं. त्यानं ऐकलं नाही तर तीस दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी सरकारनं २०२३ साली अपील समित्या नेमल्या. मला हे खातं बंद झाल्यावर, उशिरा कळलं. माझी मुदत गेली, तुमची जाऊ देऊ नका. त्या समित्या आपल्या बाजूच्या आहेत असा माझा भ्रम नाही. पण भिंतीत एक झरोका आहे, तर त्यात हात घालायचा. एकट्यानं नाही. वस्तीतल्या वीस जणांनी एका दिवशी. प्रत जपून ठेवायची.

तीन. गाडीवाला पोरगा आणि कवी पोरगा यांची भांडणं वेगळी नाहीत. दोघांनाही कारण न देता काढलंय. मागणी एकच : कारण द्या, लेखी द्या, आम्हाला वाचता येईल अशा भाषेत द्या आणि खाली माणसाचं नाव लिहा. यंत्राचं नको. माणसाचं. नाव मिळालं की पत्ता मिळतो आणि पत्ता मिळाला की मोर्चा कसा न्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आजा आता नाही. त्याच्यावरची ती कविता मी आठवून आठवून पुन्हा लिहिली. दोन ओळी काही केल्या आठवत नाहीत. त्या जागा कोऱ्याच ठेवल्यात आणि तशीच ती या मासिकाला देणार आहे. हाक मात्र कवितेत आहे. तिथून ती कुणी काढू शकत नाही.

जयभीम.