मेणबत्ती, गालिचा आणि बादली



शाळेत आपण इंग्रजी वाक्प्रचार शिकलो ते यादीने. डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजव्या बाजूला अर्थ. परीक्षेपुरतं तेवढ्यावर भागलं. पण त्या यादीत, वाक्प्रचारातली वस्तू ज्या घरात वापरली जात होती, ते घर कुठेच नव्हतं. आज मी तुम्हाला त्या घरात नेणार आहे. वाक्प्रचार कुठे शोभतो आणि कुठे खुपतो, हे तिथे गेल्यावरच कळतं, असं माझं ठाम मत आहे.

मेणबत्ती घ्या. लंडनमध्ये डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. गॅसचे आणि विजेचे दिवे यायच्या आधी त्या लांबलचक संध्याकाळी काही करायचं म्हणजे मेणबत्ती जाळणं आलं, आणि ती स्वस्त नव्हती. 1709 साली सरकारने तिच्यावर कर बसवला, परवान्याशिवाय घरी मेणबत्त्या करायलाही बंदी घातली. हा कर 1831 साली उठला. तोवर गरिबाघरी लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून जाळत, कारण त्यावर कर नव्हता.

हे माहीत असलं की 'द गेम इज नॉट वर्थ द कँडल' समजावून सांगावं लागत नाही. रात्री पत्त्यांचा डाव मांडला, आणि जिंकलेली रक्कम जळलेल्या मेणबत्तीच्या किमतीइतकीही भरली नाही, तर खेळायचं कशाला? मूळची ही म्हण फ्रेंचांची. 'कान्ट होल्ड अ कँडल टू' याच उजेडातला. कारागीर काम करतो आहे आणि उमेदवार पोरगा शेजारी मेणबत्ती धरून उभा आहे. एखादा तेवढं करण्याच्याही लायकीचा नाही, असं म्हणायचं असतं. म्हणून हा वाक्प्रचार आजही जवळजवळ नेहमी नकारातच येतो. होकारार्थी वापरला, तर इंग्रज माणूस क्षणभर थबकेल.

तिसरा 'बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स'. रँडल कॉटग्रेव्हच्या 1611च्या फ्रेंच-इंग्रजी कोशात तो सापडतो. तेव्हाचा रोख उधळपट्टीवर होता. महाग वस्तू दोन्ही टोकांनी पेटवणारा माणूस घर बुडवणार, हे उघडच. पुढे पैशाच्या जागी शरीर आलं आणि रात्रंदिवस राबून स्वतःला झिजवणं असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडे अनेक जण हा वाक्प्रचार मुलाच्या मेहनतीचं कौतुक म्हणून वापरतात. ते चूक आहे. त्यात काळजी आहे, इशारा आहे.

आता गालिचा. सोळाव्या-सतराव्या शतकात चांगला गालिचा इतका मोलाचा होता की तो जमिनीवर न घालता टेबलावर पसरत. त्यामुळे 'ऑन द कार्पेट' म्हणजे टेबलावर आलेला, चर्चेत असलेला विषय. पुढे गालिचा खाली उतरला. मालकाच्या खोलीत तो अंथरलेला असे, आणि नोकराला त्या गालिच्यावर उभं करून खडसावत. तोच वाक्प्रचार आता झाडाझडतीचा झाला.

टेबलाचंही असंच. ब्रिटिश माणूस ठराव 'टेबल' करतो तेव्हा तो चर्चेला घेतो. अमेरिकी माणूस 'टेबल' करतो तेव्हा तो बाजूला ठेवतो. या एका शब्दावरून दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांत मोठी खडाजंगी झाल्याचं चर्चिलने आपल्या युद्ध-इतिहासात नोंदवलं आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

काही वस्तू मात्र घरातल्या वाटतात आणि नसतात. 'फ्लॅश इन द पॅन'मधला पॅन चुलीवरचा नव्हे. जुन्या बंदुकीला रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, ठेवायची छोटी खोलगट वाटी असे, ती ही. रंजक भपकन पेटली पण नळीतली दारू पेटलीच नाही, तर गोळी सुटत नसे. म्हणून क्षणभर चमकून विझणाऱ्या यशाला हे नाव. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल'मध्येही कुलूप आणि पिंप नाही. ते बंदुकीचेच तीन भाग आहेत.

काही वाक्प्रचार आपण मराठीत घेतले आणि बदलले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता बाळाला चांदीचा चमचा देई. आपल्याकडे ती प्रथा नाही, त्यामुळे चांदीचा चमचा मराठीत येताना सोन्याचा झाला. त्यात मला काही वावगं वाटत नाही. चहाच्या पेल्यातलं वादळ तर आपल्या अग्रलेखांत कायमचं वस्तीला आलं आहे.

शेवटी बादली. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. फ्रान्सिस ग्रोसने 1785 साली हा वाक्प्रचार नोंदवला तो गावंढळ, बाजारी बोलीच्या कोशात. एका उपपत्तीनुसार नॉरफकच्या बोलीत कापलेलं डुक्कर ज्या आडव्या दांड्याला पायांनी टांगत, त्याला 'बकेट' म्हणत. आपल्या यादीत समोर एवढंच असतं: 'टू डाय'. त्या भरवशावर एखादा विद्यार्थी उद्या शोकपत्रात हा वाक्प्रचार लिहील आणि दुःखात असलेल्या घराचा अपमान करील. त्याचा हेतू वाईट नसेल; त्याला कोणी सांगितलेलंच नसेल.

या सभागृहात शिक्षक आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वाक्प्रचार शिकवताना अर्थाच्या पुढे आणखी दोन गोष्टी फळ्यावर लिहा: तो कोणापुढे वापरायचा, आणि कोणापुढे चुकूनही वापरायचा नाही.