पक्षाघात : वारसा आणि आपले कर्तव्य



घरातील कर्त्या माणसास अर्धांगवायूचा झटका आला की आप्तेष्टांच्या तोंडी एक वाक्य हटकून येते : “त्यांच्या वडिलांनाही असेच झाले होते, घराण्यातच आहे.” हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. परंतु “म्हणून आता इलाज नाही” असा जो अर्थ त्यातून काढला जातो, तो मात्र घातक आहे.

मेंदूस रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. यालाच आपण पक्षाघात म्हणतो. क्वचित एका जनुकातील दोषही त्यास पुरेसा होतो. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे मूळ ‘नॉच-३’ या जनुकात आहे, हे १९९६ साली उघड झाले. विदर्भ, मध्य प्रदेश व गुजरात येथील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा रोगही आनुवंशिकच असून त्यामुळे लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो. मात्र ज्या मुलांना धोका अधिक, त्यांना नियमित रक्त दिल्यास तो ९० टक्क्यांहून अधिक घटतो, असे १९९८ साली अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. म्हणजे जेथे दोष निव्वळ जन्मजात आहे, तेथेही उपाय आहेच.

बहुसंख्य लोकांच्या बाबतीत वारसा येतो तो पक्षाघाताचा नव्हे, तर उच्च रक्तदाब, मधुमेह व रक्तातील वाढत्या चरबीकडे असलेल्या कलाचा. वाढलेली साखर धमनीचे आतील अस्तर बिघडविते, कोलेस्टेरॉल तेथे साचते आणि वाढता दाब त्या भिंतींवर अहोरात्र आघात करतो. शिवाय घराण्याकडून केवळ जनुकेच येतात असे नाही, स्वयंपाकघरही येते. लोणचे, पापड, खारवलेली मासळी आणि तंबाखूची डबी या गोष्टीही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात.

भारतासह २२ देशांत झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी निगडित आढळला. त्यांत अग्रस्थान उच्च रक्तदाबाचे होते. २०१८ साली ब्रिटनमधील तीन लाखांवर लोकांच्या अभ्यासात, प्रतिकूल जनुके असणाऱ्यांना धोका ३५ टक्के अधिक, तर अयोग्य राहणी असणाऱ्यांना ६६ टक्के अधिक दिसला. हे लोक युरोपीय वंशाचे होते, हे ध्यानात ठेवूनही त्यातील बोध आपण घ्यावयास हवा.

तेव्हा ज्यांच्या घरी हा रोग होऊन गेला आहे, त्यांनी तिशीपासूनच दरवर्षी रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल तर, काहीही त्रास होत नसला तरी, उपचार सुरू करावेत व बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नयेत. कमरेचा घेर पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा.

एवढे करूनही कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून सी. टी. स्कॅनची सोय असलेले नजीकचे रुग्णालय कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने आजच माहीत करून घ्यावे.

वडिलांचा आजार हे आपले विधिलिखित नव्हे. ती वेळीच मिळालेली सूचना आहे. तिचा मान राखावा, एवढीच आपणांस विनंती.