बॅटरीला दोष देण्याआधी

(गावच्या चावडीसमोर एका मिस्त्रीने केलेले भाषण)



मी काही भाषण करणारा माणूस नाही. मी मोटारसायकलचा मिस्त्री. माझे हात सदा काळे. पण साक्षरता वर्गाचे गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, आज चार शब्द तुम्ही सांगा." म्हणून उभा राहिलो. मी माझी एक चूक सांगणार आहे. चूक माझी होती, पण तिचे पैसे दुसऱ्याने भरले.

आमच्याकडे एक दूधवाले दादा आहेत. ते पहाटे चारला उठतात. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवतात आणि डेअरी गाठतात. एके दिवशी त्यांनी गाडीचे बटण दाबले. गाडी नुसती "टक् टक्" करून गप्प झाली. ढकलून पाहिली, तरी चालू होईना. डेअरीत पोचायला उशीर झाला. उन्हाळ्याचे दिवस. दूध नासलं. ते कोण घेणार?

दादा माझ्याकडे आले. मी हॉर्न दाबला. आवाज नाही. मी लगेच म्हणालो, "दादा, बॅटरी गेली. नवी टाका." त्यांनी नवी बॅटरी घेतली. आठ दिवस गाडी छान चालली. नवव्या दिवशी पुन्हा तेच! मी म्हणालो, "ही बॅटरीच खराब निघाली." दादांनी दुसरी घेतली. ते पैसे मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. दहा दिवस गेले, आणि पुन्हा तीच गत.

दादा रागावले नाहीत. गाडीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बघून सांगितलं होतं, का अंदाजाने?"

मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या पेटीत मीटर होता. पण तो मी वापरत नव्हतो. का? कारण मला आकडे वाचता येत नव्हते. त्या रात्री मी मीटर पिशवीत घातला आणि साक्षरता वर्गात गेलो. गुरुजींना विचारलं, "आकड्यांच्या मध्ये हे टिंब कसलं?" गुरुजी म्हणाले, "टिंबाच्या आधी पूर्ण आकडा. टिंबाच्या पुढे त्याचा दहावा हिस्सा. 12.6 म्हणजे बारा, आणि वर एकाचे दहा भाग केले तर त्यातले सहा."

मंडळी, त्या एका टिंबाने माझा धंदा सुधारला. कसा, ते ऐका.

गाडीतली वीज म्हणजे शेतातलं पाणी समजा. बॅटरी हा हौद आहे. हौदात पाणी साठतं, तयार होत नाही. पाणी येतं विहिरीतून. गाडीची विहीर कुठे आहे? इंजिनाच्या बाजूला. तिथे एक चुंबक फिरतं. त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. आपण तिला कॉइल म्हणतो. चुंबक फिरलं की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबक हलवून वीज करता येते हे मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली इंग्लंडात दाखवून दिलं. हे फॅरेडे एका लोहाराचे मुलगे. शाळा थोडीच झालेली. पुस्तकं बांधण्याच्या दुकानात कामाला होते. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकले, आणि मोठे शास्त्रज्ञ झाले!

आता कॉइलची वीज झोपाळ्यासारखी पुढे-मागे होत असते. बॅटरीला ती चालत नाही. तिला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. म्हणून मध्ये एक डबी असते. तिला रेग्युलेटर म्हणतात. ही डबी म्हणजे आपला पाटकरी. ती विजेला एका दिशेला लावते, आणि जास्त झाली तर अडवते. तिथून वायर बॅटरीकडे जाते. ती वायर म्हणजे पाट.

विहीर, पाटकरी, पाट आणि हौद. चौघांपैकी एकाने दगा दिला तरी हौद कोरडा पडतो. मी मात्र दर वेळी हौदच फोडून नवा बांधत होतो.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो. गाडी उघड्यावर घ्या. बंद खोलीत इंजिन चालवू नका, धूर जीव घेतो. बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

पहिली गोष्ट. बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर तपासणी केली तर ती फसवते. मग बॅटरी दोन-तीन तास तशीच ठेवा. मीटर डी.सी. 20 व्होल्टवर लावा. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. बारा व्होल्टची चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास किंवा थोडी वर दाखवते. मग स्टार्टरचं बटण दाबा आणि आकडा बघा. तो दहाच्या बराच खाली गेला, तर बॅटरी खरोखर थकली आहे.

दुसरी गोष्ट. इंजिन चालू करा. थोडी रेस द्या. आकडा वर चढला पाहिजे. 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आला तर चार्जिंग ठीक आहे. चढलाच नाही, तर वीज पोचत नाही. 15 च्या वर गेला, तर पाटकरी झोपला आहे. असं चालू राहिलं तर बॅटरी उकळून मरेल. मग रेग्युलेटर बदलावा लागतो. पण आधी त्याची अर्थिंगची वायर घट्ट आहे का, ते बघा.

दादांच्या गाडीचा आकडा किती आला? 12.2. रेस दिली तरी 12.2. बॅटरी नवी होती, पण तिच्यापर्यंत पुरेशी वीज येतच नव्हती.

तिसरी गोष्ट. विहीर बघा. कॉइलच्या वायरी जिथे रेग्युलेटरला जोडतात, तो कपलर सोडवा. पुष्कळ गाड्यांत तीन पिवळ्या वायरी असतात. मीटर ए.सी. वर लावा. इंजिन चालू करून दोन-दोन वायरींमध्ये आकडा घ्या. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा हवा, आणि रेस दिली की तो वाढला पाहिजे. किती हवा, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं असतं. एक जोडी मागे राहिली, तर कॉइल जळाली आहे. इंजिन बंद करून आणखी एक बघा. मीटर ओहमवर लावून पिवळी वायर आणि इंजिनाचं धातू यांत तपासा. तिथे जोड लागता कामा नये. लागला, तर कॉइल बॉडीला टेकली आहे.

दादांची कॉइल ठणठणीत होती.

चौथी गोष्ट. पाट बघा. बहुतेक जण इथेच चुकतात. कपलर परत लावा, इंजिन चालू करा. मीटर पुन्हा डी.सी. वर आणा. आधी रेग्युलेटरमधून वीज बाहेर पडते तिथे आकडा घ्या, मग बॅटरीवर घ्या. दोन्हींत फार तर दोन-तीन दशांशाचा फरक असावा. दादांच्या गाडीत रेग्युलेटरजवळ 14.4 होते, आणि बॅटरीवर 12.2. दोन व्होल्ट वाटेतच गडप!

मी वायर हाताने चाचपत गेलो. सीटखाली एक कपलर होता. तो उघडला. आतली पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं. पावसाचं पाणी शिरून गंज चढला होता. गंजलेला जोड वीज अडवतो, आणि तापून आणखी जळतो. बॅटरी सोडवून मी तो जोड कापला. नवीन पिन दाबून बसवल्या, नवा कपलर लावला. एका साध्या जेवणाच्या पैशात काम झालं. बॅटरी जोडून गाडी चालू केली. बॅटरीवर आकडा आला 14.1.

दादांनी तो आकडा स्वतः वाचला. ते आपल्याच वर्गाला येतात.

आणखी एक सांगतो. पूर्वी काही मिस्त्री चालू गाडीची बॅटरी सोडून बघत. गाडी चालत राहिली तर म्हणत, चार्जिंग ठीक. आजच्या गाडीवर हे कधी करू नका. 2020 सालच्या एप्रिलपासून भारत स्टेज 6 चा नियम आला. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजून देण्याचं काम एक छोटा संगणक करतो. चालू गाडीची बॅटरी सोडली की वीज उसळते, आणि तो संगणक जळू शकतो. अशी गाडी बॅटरी मेल्यावर ढकलूनही चालू होईना, त्याचंही कारण हेच. त्या संगणकाला आणि पेट्रोलच्या पंपालाही वीज लागते.

दादांची दुसरी बॅटरी मी विकत घेतली. ती आज माझ्या दुकानात तपासणीला वापरतो. मुलीची फी वेळेवर भरली गेली. पण पहिल्या बॅटरीचे पैसे आणि नासलेलं दूध मी परत देऊ शकलो नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. कोणी मिस्त्री म्हणाला, "बॅटरी बदला," तर रागावू नका, भांडू नका. नम्रपणे म्हणा, "मीटर लावून दाखवा. आकडा मी वाचतो." आता तुम्हाला वाचता येतं. आणि जो मिस्त्री खरा आहे, तो आनंदाने दाखवील.

एवढं बोलून मी खाली बसतो. राम राम.