दुखत नाही, म्हणून बरे आहे?
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. बी. ए., बी. एड. होऊन मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस मी. तेव्हा ‘कृत्रिम त्वचा’ हा विषय मी का निवडला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण माझ्याच घरात घडले.

माझे अब्बा मधुमेहाचे जुने रोगी. एका संध्याकाळी ते ठाणे स्टेशनवरून राबोडीला चालत घरी आले, चहा प्यायले, आणि अम्मीला फरशीवर रक्ताचे डाग दिसले. चपलेचा खिळा वर येऊन तळपायात रुतला होता, पण एवढी वाट चालूनही त्यांना त्याचा पत्ता नव्हता. “मला तर काही टोचलं नाही,” असे ते म्हणाले आणि आम्हीही निर्धास्त झालो. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असा आमचा हिशेब! जखम चिघळली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. घरातला शिकलेला मुलगा मी. पण अब्बांचे तळपाय मी कधी पाहिले नव्हते. ही चूक माझी होती.

वेदनेला आपण शत्रू समजतो. वस्तुतः ती घराची पहारेकरी आहे. पहारेकरी झोपला की काय होते, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तेथील रुग्णांची सेवा करणारे श्री. गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या रोगाने बोटे गळून पडतात, अशी आपली समजूत आहे. खरे कारण निराळे आहे. रोगजंतू नसांवर हल्ला करतात आणि हातपाय बधिर होतात. मग गरम पातेल्याने हात भाजतो, खड्याने पाय सोलतो, आणि माणसाला कळत नाही. अशा न जाणवलेल्या जखमा पुन्हा पुन्हा चिघळून बोटे झिजतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो व ती मोफत मिळतात. मात्र गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. माझ्या अब्बांच्या पायाचे दुखणे आणि त्या वसाहतीतले दुखणे रोगाने वेगळे असले, तरी इजा एकाच वाटेने झाली. मग एकाची विचारपूस करावी आणि दुसऱ्यापासून चार हात दूर राहावे, हे कोणते शहाणपण?

आता विज्ञानाकडे वळू. नववीच्या वर्गावर मला एकदा बदली तास मिळाला. मी अब्बांची हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, मग नवी कातडी बनवता येत नाही का?” उत्तर माहीत नसल्याने मी वाचू लागलो. पहिली गोष्ट कळली ती अशी, की आपली त्वचा धातूच्या तारांवर चालत नाही. ती मिठाच्या पाण्यावर चालते. बोट दाबले की नसेच्या टोकाशी सूक्ष्म दारे उघडतात, विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, आत शिरतात आणि मेंदूकडे निरोप जातो. दाबाने उघडणारी ही दारे आर्डेम पॅटापूशियन यांच्या गटाने २०१० साली शोधली. डेव्हिड ज्युलियस यांनी तर मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या साहाय्याने उष्णतेचे दार शोधले होते. दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, पॅटापूशियन हे बैरूतमध्ये जन्मले आणि यादवी युद्धाने पोळलेला लेबनॉन सोडून १९८६ साली अमेरिकेत गेले, हे ध्यानात ठेवा.

निसर्गाचीच ही युक्ती संशोधकांनी उचलली. २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठात ‘आयनिक त्वचा’ तयार झाली. खारट पाणी मुरलेल्या, जेलीसारख्या पारदर्शक पदार्थाचे दोन थर आणि मध्ये वीज न वाहू देणारा, रबरासारखा ताणणारा थर, अशी तिची रचना. वरून दाबले की मधला थर पातळ होतो, आणि या थरांची विद्युतभार साठवण्याची क्षमता वाढते. तो फरक मोजला की दाब किती पडला ते समजते. तिच्यात उणिवाही आहेत. पाणी उडाले की जेली सुकते. आणि तिचा निरोप माणसाच्या नसेपर्यंत पोचवणे हे काम अजून बाकी आहे.

आम्ही वर्गात नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी दिवा घेतला. साध्या पाण्यात तो मिणमिणला. चमचाभर मीठ टाकताच लख्ख झाला. (मुलांनो, घरातल्या विजेशी असा खेळ कदापि करू नका.) प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून वाटले, की हिला दहावीनंतर घरी बसवणे हा अन्याय ठरेल. पालकहो, हा विचार आपणही करावा.

डॉ. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत बधिर हातापायांसाठी दाब मोजणारे मोजे व बूट करून पाहिले होते. यंत्रे महाग आणि नाजूक होती. पण मोठी अडचण अशी, की इशारा त्रासदायक वाटला की माणसे यंत्रच बंद करीत. तात्पर्य, इशारा मानण्याची सवय नसेल तर उत्तम कातडीही निरुपयोगी.

म्हणून ती नवी त्वचा येईपर्यंत घरच्यांच्या डोळ्यांनी ते काम करावे. विद्यार्थी मित्रांनो, घरात मधुमेहाचा रोगी असेल तर रोज रात्री त्यांचे तळपाय उजेडात पाहा. वजू करताना पाय धुतले जातातच. त्यानंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. गरम पाणी बधिर पायाने अजमावू नये. चपलेत हात घालून, खिळा-खडा पाहून मगच ती घालावी. डॉक्टर नायलॉनच्या धाग्याने पायाची संवेदना तपासतात; वर्षातून एकदा तरी ती तपासणी करून घ्यावी. आणि अंगावर बधिर चट्टा दिसला तर लाजेने झाकू नये, दवाखाना गाठावा.

आता अब्बांचे पाय रोज रात्री माझी धाकटी मुलगी पाहते. “काही दुखतं का?” असे ती विचारत नाही. बॅटरी घेऊन खाली बसते आणि पाहते. आपल्या घरीही आज रात्रीपासून हे सुरू व्हावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.