झिजलंय म्हणा, हरवलंय म्हणू नका

नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. १९२८ सालापासून हे काम इथं चाललंय. त्याआधी सरकारी नोटा इंग्लंडहून छापून येत. त्यामुळे फाटक्या नोटेचं काय करायचं हा प्रश्न नाशिककराला फारसा पडू नये, पण पडतो. मी बँकेच्या काउंटरमागं तीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. फाटकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथं तुमचं खातं असायला हवं असं नाही. नोट वीस रुपयांपर्यंतची असेल तर निम्म्याहून मोठा सलग तुकडा हातात असला की पूर्ण पैसे. पन्नास आणि त्यापुढच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, आणि त्याहून लहान असेल तर हरी हरी!

आता तुमच्या पाकिटातलं क्रेडिट कार्ड काढून बघा. त्याचं सगळंच उलटं. नोट ज्याच्या हातात त्याची. कार्डावर नाव तुमचं, पण ते मालकीचं बँकेचं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. म्हणून झिजलेलं कार्ड बदलायचं तर ते ज्या बँकेनं दिलं तिच्याकडेच जावं लागतं, आणि तुम्ही तेच आहात हे पटवून द्यावं लागतं. इथूनच गोंधळाला सुरुवात होते.

कार्ड झिजतं कसं? त्याची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नसते. मागच्या खिशातल्या पाकिटात बसता-उठता ते वाकतं. बागेत फवारणी करणाऱ्या निफाडच्या शेतकऱ्याच्या शर्टाच्या खिशात घाम आणि औषध दोन्ही लागतं. चिपवरचा सोनेरी पत्रा घासला की दुकानदार कार्ड दोनदा घालतो, तिसऱ्यांदा बोटानं पुसून घालतो. कधी असं होतं, की मशीनवर नुसतं टेकवलं तर कार्ड चालत नाही, पण आत घातलं की चालतं. कार्डाच्या पोटात कडेकडेनं एक बारीक तार फिरवलेली असते. कार्डाला चीर गेली की ती तुटते. अशा वेळी काही मंडळी सेलोटेप चिकटवतात. तसलं कार्ड एटीएममध्ये घालू नका. ते आत अडकलं की कार्डही गेलं आणि दुपारही गेली.

तेव्हा कार्ड बदलून मागायचं. फोन लावला की पलीकडून विचारतात, ‘कार्ड हरवलंय, चोरीला गेलंय की खराब झालंय?’ या एका प्रश्नाचं उत्तर नीट द्या. आमच्या जेलरोडच्या शेजाऱ्यांनी, प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ, लवकर काम व्हावं म्हणून ‘हरवलं’ असं सांगून टाकलं. कार्ड हरवलं म्हटलं की बँक तो नंबर तिथल्या तिथं कायमचा बंद करते आणि नव्या नंबराचं कार्ड पाठवते. बँकेचं काही चुकलं नाही. हरवलेल्या कार्डाचं तेच करायला हवं. पण यांच्या आरोग्यविम्याचा वर्षाचा हप्ता त्या जुन्या नंबरातून आपोआप जात होता. तो गेला नाही. विमा कंपनीचा संदेश आला तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा पुण्यात. सवलतीच्या मुदतीत पैसे भरले म्हणून पॉलिसी वाचली. मधल्या दिवसांत काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं असतं, तर तो खर्च त्यांच्याच माथी बसला असता.

खराब झालंय असं सांगितलं, तर बऱ्याच बँका तोच नंबर ठेवून कार्ड देतात. सगळ्याच देतात असं मी म्हणणार नाही. म्हणून फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारा: नंबर तोच राहणार का, मागचा तीन आकडी अंक आणि मुदतीची तारीख बदलणार का, आणि खर्च किती. मग घरी बसून कागदावर लिहून काढा, की या कार्डातून आपोआप काय काय जातं. विमा, फोन, मुलांचं काहीबाही. नवं कार्ड आल्यावर एकेक तपासून खूण करा.

आता सर्वांत अवघड जागा. बँकेचा फोन नंबर कुठं असतो? कार्डाच्या मागं. आणि कार्ड झिजलेलं, म्हणजे तो नंबरही पुसलेला! मग माणूस मोबाइलवर बँकेचं नाव टाकून ‘कस्टमर केअर’ शोधतो. नेमकी इथंच जाळी लावून ठेवलेली असतात. खोटे नंबर टाकलेले असतात, पलीकडचा माणूस अदबीनं, अगदी मराठीतसुद्धा बोलतो. कार्ड खराब झालंय हे तुम्हीच त्याला सांगितलेलं असतं, त्यामुळे त्याला वेगळी गोष्ट रचावीही लागत नाही. ‘नवं कार्ड पाठवतो, फक्त आलेला ओटीपी सांगा.’ नंबर हवा तर बँकेच्या मासिक हिशेबपत्रावरून घ्या, नाही तर सरळ शाखेत जा. कार्ड बदलायला ओटीपी तोंडानं सांगावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. आणि दुर्दैवानं सांगून बसलात, तर लाजत बसू नका. आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० हा सरकारी क्रमांक फिरवा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

नवं कार्ड आलं, की आणखी एक घोटाळा होतो. बाजारात गेलात, टेकवलंत, चालत नाही. ऑनलाइन तिकीट काढायला गेलात, नकार. माणसाला वाटतं, हेही खराबच निघालं! तसं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशातला आणि टेकवून करायचा व्यवहार आपण सांगू तेव्हा सुरू होतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. जे लागत नाही ते बंदच राहू द्या. ज्यांना टेकवून पैसे देण्याची भीती वाटते, त्यांनी ते सुरूच करू नये.

पाकीट फोडून कार्ड कपाटात मात्र टाकून ठेवू नका. २०२२ च्या नियमांत असं आलं, की तीस दिवसांहून अधिक काळ सुरू न केलेल्या क्रेडिट कार्डासाठी बँकेनं ग्राहकाची संमती विचारायची, आणि ती मिळाली नाही तर कार्ड बंद करायचं.

राहिलं जुनं कार्ड. नवं चालतंय याची खात्री झाल्यावरच ते कापायचं. नुसतं मधोमध नव्हे; एक काप चिपमधून, एक मागच्या काळ्या पट्टीतून, आणि नंबराचे चार तुकडे. आणि सगळे तुकडे एकाच दिवशी एकाच घंटागाडीत टाकू नका. अर्धे आज, अर्धे परवा.