मुलीचा कॉलेजप्रवेश आणि शाळेची मदत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातवी शिकलेल्या बाईने कॉलेजच्या प्रवेशावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु थोरल्या मुलीच्या इंजिनियरिंगच्या प्रवेशापायी मी शाळा, तहसील कचेरी आणि पडताळणी समिती यांचे उंबरे इतके झिजवले की सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुम्हीच बोला. वाचून सांगणाऱ्या पुष्कळ आहेत."

इंजिनियरिंग, औषधनिर्माण अशा शिक्षणाच्या बहुतेक जागा आता एकाच ठिकाणाहून भरल्या जातात. राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो व गुणवत्ता यादी लावतो. मुलांनी एकच अर्ज भरायचा, कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची, आणि जागा संगणक वाटतो. त्यात कोणाची ओळख लागत नाही, ही आपल्यासारख्यांना केवढी सोय! पण त्या संगणकाला दयामाया नाही. कागद आहे तर आहे, नाही तर नाही. "पोर हुशार आहे हो," हे त्याला सांगायचे कसे?

म्हणून हे काम निकालानंतरचे नव्हे. आमच्या मुलीच्या शाळेने, म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गांनी, अकरावीच्या दिवाळीआधीच आयांना बोलावले. बापांना नव्हे, आयांना. कारण कागद कोणत्या डब्यात आहेत ते आपल्यालाच ठाऊक! बाईंनी प्रत्येक मुलीचा शाळेचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नावे ताडून पाहिली. आमच्या आडनावात एका कागदावर काना जास्त होता. मुलगी शाळेत आहे तोवर असली दुरुस्ती शाळेमार्फत होते. दाखला घेऊन बाहेर पडल्यावर फार जड जाते.

सर्वांत वेळखाऊ कागद जात पडताळणीचा. त्याचा अर्ज बारावीत असताना करायचा, त्याला प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा कागद लागतो. आम्ही इतर मागासवर्गातले. आम्हांला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता. मामंजी तिसरीतून शाळा सोडलेले. त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातून वाळवी लागलेली नोंदवही काढली, आणि १९५५ च्या पानावर मामंजींचे नाव, वडिलांचे नाव, जात, सगळे सुवाच्य अक्षरात! त्याचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. मामंजींना तो दाखवला तर म्हणाले, "मी शाळेत गेलो होतो याला पुरावा आहे तर!"

ज्यांना आरक्षण नाही त्यांनी उठून जाऊ नये. आर्थिक दुर्बलांचा आणि उत्पन्नाचा दाखला तुम्हांलाही लागेल. आणि ज्यांच्याकडे नॉन-क्रिमीलेअरचा जुना दाखला आहे त्यांनी त्यावरची मुदत वाचावी.

आता पैशाचे. ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने, ज्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. वसतिगृह, पुस्तके, एसटी आपल्याच अंगावर. पण ही माफी मिळते ती या मध्यवर्ती प्रवेशातून जागा मिळाली तरच. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की माफी गेली. ही अट किती घरांना ठाऊक आहे?

अर्ज शाळेच्या संगणकखोलीत बाईंसमोर भरला. आमच्या आळीतल्या काही मुलींनी दुकानात भरला. दुकानदाराने स्वतःचाच मोबाईल नंबर घातला, आणि मग दर वेळी ओटीपीसाठी त्याच्या पायऱ्या चढायच्या!

पसंतीक्रमाचे मला आधी कळत नव्हते. बाईंनी समजावले की संगणक यादी वरून खाली वाचतो, आणि गुणांत बसणारे पहिले नाव येताच थांबतो. वर मोठे कॉलेज लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. मात्र २०२५ साली चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत यादीतले पहिले नाव मिळाले, दुसरीत पहिल्या तिनांतले किंवा तिसरीत पहिल्या सहांतले, तर तीच जागा घ्यावी लागे. तेव्हा वरची नावे लिहिताना, तिथे मुलीला पाठवायचेच आहे का, हे घरात आधी ठरलेले हवे.

आणि आमच्या घरी तेच ठरत नव्हते. वसतिगृहाला ह्यांची ठाम ना. मी बोलून उपयोग नव्हता. अखेर बाईंनी ह्यांना शाळेत बोलावून गेल्या वर्षीची यादी पुढे ठेवली: जवळच्या कॉलेजात कोणत्या शाखेला कितीवर प्रवेश थांबला, दूरच्या ठिकाणी कितीवर. तासभर बसवले. घरी येऊन हे जेवेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही म्हणावं तिसरं नाव." दुसऱ्या फेरीत तेच नाव लागले. आज ती वसतिगृहात आहे.

आमच्या शेजारची मुलगी माझ्या मुलीपेक्षा हुशार. तिच्या कॉलेजने पडताळणीचे नाव निकालापर्यंत काढले नाही. मुदतीत प्रमाणपत्र आले नाही, तिला खुल्या गटात धरले, आणि हवी ती शाखा हुकली. सरकार कधीकधी मुदत वाढवते, पण त्या भरवशावर लेकीला सोडायचे का? चूक त्या पोरीची नव्हती, तिच्या आईची तर नव्हतीच. सांगायचे काम ज्यांचे त्यांनी सांगितले नाही.

तेव्हा माझी मंडळाला विनंती आहे. दिवाळीआधी आपण चौघीजणींनी मिळून गावातल्या प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे आणि अकरावीच्या आयांची अशी एक सभा घ्यायला लावावी. बुधवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांच्या मुली दहावीच्या पुढे आहेत त्यांनी कागदांची पिशवी घेऊन यावे. नावे ताडून पाहण्यापुरते मला वाचता येते.